कात्रीत सापडलेला ज्ञानकोश

ऑगस्ट १७४५ मध्ये पॅरिसच्या एका प्रकाशकाने आपल्या इंग्रज अनुवादकाला काठीने झोडपले. प्रकाशकाचे नाव आंद्रे-फ्रांस्वा ल ब्रतों. दरबारातल्या मानकऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची जंत्री देणारे सरकारी वार्षिक छापण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. म्हणजे माणूस वजनदार. मार खाणारा होता जॉन मिल्स. लंडनच्या एफ्रेम चेंबर्सने १७२८ मध्ये दोन जाडजूड खंडांचा इंग्रजी कोश काढला होता आणि तो चांगला खपला होता. त्याचे फ्रेंच रूपांतर करायचे, वर्गणीदार गोळा करायचे आणि नफा वाटून घ्यायचा, असा मिल्स, त्याचा जर्मन जोडीदार झेलियस आणि ल ब्रतों यांचा बेत होता. पुढे अशा भागीदारीत जे होते तेच झाले. प्रकाशक म्हणे, याला फ्रेंच धड येत नाही. अनुवादक म्हणे, हा पैसे दाबून बसलाय. काठी निघाली, प्रकरण कोर्टात गेले, करार मोडला.

ल ब्रतोंच्या हाती उरले ते एक अर्धवट काम. पण वर्गणीदार मिळतात हे त्याला कळून चुकले होते. त्याने ब्रियासों, दाविद आणि द्यूराँ हे तीन पुस्तकविक्रेते भागीदार घेतले आणि १७४७ च्या ऑक्टोबरात दोन नवे संपादक नेमले. एकाने तिशी गाठली नव्हती, दुसरा चौतीस वर्षांचा होता. अनुवादाचा मूळ बेत बाजूला पडला आणि त्यातून उभी राहिली ‘आंसिक्लोपेदी’ : मजकुराचे १७ खंड, चित्रांचे ११ खंड, सुमारे ७२,००० नोंदी. पहिला खंड १७५१ मध्ये निघाला, चित्रांचा शेवटचा खंड १७७२ मध्ये.

अठराव्या शतकातल्या युरोपीय ज्ञानोदयाची गोष्ट सांगताना हा ग्रंथ हमखास पुढे येतो, आणि त्याच्याबरोबर रूसो, व्हॉल्टेअर, मोंतेस्क्यू अशी नावांची पंगत बसते. ते बरोबरच आहे. पण या कोशाचा इतिहास वाचताना तत्त्वज्ञांच्या बरोबरीने भेटतात ते दुकानदार, सेन्सॉर, पोलीस आणि हिशेबनीस. ग्रंथ लिहिला तत्त्वज्ञांनी. तो पुरा झाला तो मात्र या दुसऱ्या मंडळींच्या पैशाने, धूर्तपणाने आणि कधी कधी भित्रेपणानेही.

त्या दोन संपादकांपैकी देनी दिद्रो हा लांग्र गावचा. बाप सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची नस्तरे घडवणारा नावाजलेला कारागीर. मुलाला जेझुइटांच्या शाळेत घातले ते पाद्री व्हावा म्हणून; मुलगा पॅरिसला गेला आणि शिकवण्या, अनुवाद, मिळेल ते लेखन यांवर कसेबसे पोट भरू लागला. बापाला न विचारता लग्न केले. प्रकाशकांनी त्याला महिना १४४ लीव्र देऊ केले, तेव्हा घरात पहिल्यांदाच नियमित पैसा येऊ लागला असावा. दुसरा संपादक झाँ दालांबेर. १७१७ च्या नोव्हेंबरात पॅरिसमधल्या सँ-झाँ-ल-राँ या चर्चच्या पायऱ्यांवर टाकून दिलेले हे मूल. आई मादाम द तांसँ ही बड्या वर्तुळातली बाई. तिने त्याला कधी आपले म्हटले नाही. काचकाम करणाऱ्याच्या बायकोने त्याला वाढवले आणि नावारूपाला आल्यावरही तो कित्येक वर्षे तिच्याच घरी राहिला. पंचविशीत गतिशास्त्रावर ग्रंथ लिहून तो युरोपातल्या पहिल्या रांगेच्या गणितज्ञांत जाऊन बसला होता. प्रकाशकांना त्याचे नाव हवे होते, दिद्रोची मेहनत हवी होती.

आणि या मेहनती माणसालाच पोलिसांनी उचलले. २४ जुलै १७४९ रोजी दिद्रोला पकडून व्हँसेनच्या किल्ल्यात ठेवले. निमित्त झाले आंधळ्यांच्या ज्ञानाविषयी त्याने निनावी छापलेल्या पत्राचे. त्यात देवाच्या अस्तित्वावर नको तितके मोकळे बोलणे होते. प्रकाशक हवालदिल झाले. आमचे सगळे भांडवल या एका माणसाच्या डोक्यात अडकले आहे, तो तुरुंगात राहिला तर आम्ही बुडालो, अशा आशयाचे अर्ज त्यांनी सरकारदरबारी केले. तीन महिन्यांनी दिद्रो सुटला. मध्यंतरी त्याला भेटायला पॅरिसहून पायी निघालेल्या रूसोने वाटेत एका नियतकालिकात दिजोंच्या अकादमीची निबंधस्पर्धा वाचली : विज्ञान आणि कला यांच्या पुनरुज्जीवनाने नीती सुधारली का? रूसोचे उत्तर ‘नाही’ असे होते आणि त्या उत्तराने तो प्रसिद्ध झाला. ज्ञानाचा सर्वांत मोठा कोश आणि ज्ञानावरचा सर्वांत गाजलेला हल्ला, दोन्हींची तयारी एकाच तुरुंगाच्या आसपास चालली होती. दिद्रोला कैदेत टाकण्याचा हुकूम काउंट दार्जांसोंचा. दोन वर्षांनी कोशाचा पहिला खंड अर्पण झाला तो याच काउंट दार्जांसोंना. प्रकाशकांना व्यवहार कळत होता.

पहिल्या खंडाच्या आरंभी दालांबेरची दीर्घ प्रस्तावना आहे. युरोपीय विचाराची वंशावळ इतक्या आत्मविश्वासाने क्वचितच कोणी मांडली असेल. कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव, ग्रीक ग्रंथांचे पश्चिमेकडे येणे, छपाईचा शोध, फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने आणि फ्रान्सच्या पहिल्या फ्रांस्वाने दिलेला आश्रय, यांतून प्रबोधनकाळ उगवला. माणसे आधी जुन्या विद्या घोकू लागली, मग साहित्यकला फुलल्या, आणि शेवटी तत्त्वज्ञानाची पाळी आली. त्या शेवटच्या टप्प्यावर चार नावे : बेकन, देकार्त, न्यूटन, लॉक. ही मांडणी आपल्या शालेय पुस्तकांपर्यंत पोचली आहे. ती वाचताना लक्षात ठेवायला हवे, की ही एका पक्षाने लिहिलेली स्वतःचीच कुळकथा आहे. चार नावांत तीन इंग्रज, धर्मशास्त्री एकही नाही, आणि मध्ययुग म्हणजे निव्वळ अंधार.

प्रस्तावनेबरोबर ज्ञानाचा एक वृक्षही छापला होता. कल्पना बेकनची : माणसाच्या बुद्धीच्या तीन शक्ती म्हणजे स्मृती, तर्क आणि कल्पना, त्यांतून इतिहास, तत्त्वज्ञान आणि काव्य. वरवर पाहता निरुपद्रवी तक्ता. पण धर्मशास्त्र सगळ्या विद्यांची राणी म्हणून वर बसलेले नव्हते. तर्काच्या फांदीवर त्याला एक जागा दिली होती आणि त्याच्या अगदी शेजारी भविष्यकथन आणि काळी जादू. वाद न घालता, नुसत्या जागावाटपाने केलेला हा अपमान जेझुइटांच्या नजरेतून सुटला नाही. त्यांच्या मासिकाने पहिल्या दिवसापासून कोशाची हजेरी घ्यायला सुरुवात केली.

अशा खोड्या पानोपानी आहेत. सर्वांत प्रसिद्ध नरभक्षकांवरची नोंद. तिच्यात रोमन लोक सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींवर माणूस खाण्याचा आरोप कसा करत हे सांगितले आहे आणि शेवटी ‘पाहा’ म्हणून दिलेल्या नोंदी कोणत्या, तर पवित्र भोजन, कम्युनियन, वेदी. नोंद लिहिणारा स्वतः पाद्री होता. ‘पाहा’चे हे तंत्र मुद्दाम वापरले आहे, हे दिद्रोने पाचव्या खंडातल्या ‘आंसिक्लोपेदी’ या नोंदीत उघड सांगूनही टाकले : एका नोंदीत आदराने मांडलेला समज दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवून उखडता येतो. आपली युक्ती आपणच जाहीर करण्याचा हा धीटपणा म्हणायचा की आगाऊपणा, हे वाचकाने ठरवावे. ‘आग्वाक्सिमा’ या ब्राझीलमधल्या वनस्पतीच्या नोंदीत तर त्याने सरळ कुरकुर केली आहे : या झाडाबद्दल काहीही माहिती नाही, मग ही नोंद कोणासाठी? ‘राजकीय सत्ता’ ही पहिल्या खंडातली नोंद मात्र गमतीची नव्हती. दुसऱ्यांवर हुकूम चालवण्याचा अधिकार निसर्गाने कोणालाच दिलेला नाही, असे तिच्या सुरुवातीलाच म्हटले होते. राजाच्या परवान्याने छापलेल्या ग्रंथात हे होते.

तरीही या कोशाची सर्वांत मोठी धिटाई राजा किंवा पोप यांच्याविषयीच्या नोंदींत शोधू नये. ती विणकराच्या मागात आहे, टाचणीत आहे, कागदाच्या लगद्यात आहे. कोशाच्या पूर्ण नावातच विज्ञान, कला आणि हस्तव्यवसाय असे तिन्ही शब्द होते. सुऱ्या घडवणाऱ्याच्या मुलाने ठरवले, की वेदान्ताला जेवढी पाने तेवढीच भट्टीला. कारखान्यात जा, कारागिराला विचारा, तो सांगेल ते उतरवा, यंत्र सुटे करून पुन्हा जोडा, गरज पडली तर स्वतः चालवून पाहा, अशी पद्धत त्याने जाहीर केली. हजारांतले जेमतेम डझनभर कारागीर आपले काम नीट शब्दांत सांगू शकतात, अशी त्याची तक्रारही होती. ती खरी असणार. हाताला कळते ते तोंडाला सांगता येत नाही, हा अनुभव कोणत्याही सुताराकडे किंवा शिंप्याकडे उभे राहिलेल्या माणसाला आहे. मोजे विणण्याच्या यंत्रावरची नोंद दिद्रोने स्वतः लिहिली. शेकडो सुट्या भागांचे हे यंत्र शब्दांत पकडायचे म्हणजे एखादा दीर्घ तर्क मांडण्यासारखेच, असे त्याला वाटे.

चित्रांची बाजू सांभाळली लुई-झाक गुसिये या चित्रकाराने. नऊशेहून जास्त चित्रे एकट्या त्याच्या हातची. तो कागदाच्या गिरणीत जाऊन राहिला, काच-भट्ट्या आणि लोहारशाळा पाहून आला. पानाच्या वरच्या भागात कारखान्याचे दृश्य, खाली हत्यारे आणि सुटे भाग आकडे घालून, अशी बहुतेक चित्रांची रचना. आजही एखाद्या यंत्राचे माहितीपुस्तक उघडले तर साधारण हीच मांडणी दिसते.

टाचणीवरची नोंद आलेक्सांद्र दलेरची. नॉर्मंडीतल्या लेग्ल या टाचण्यांच्या गावात काम कसे चालते ते पाहून त्याने लिहिले, की एक टाचणी बाजारात येण्याआधी अठरा क्रियांतून जाते. हा खंड १७५५ चा. एकवीस वर्षांनी अॅडम स्मिथने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या पहिल्याच प्रकरणात श्रमविभागणी समजावून सांगितली ती टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण घेऊन, आणि त्याच्याही क्रिया साधारण अठराच आहेत. स्मिथने फ्रेंच कोश वाचलेला होता. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेले हे उदाहरण अशा रीतीने नॉर्मंडीच्या कारागिरांकडून आले असे म्हणायला पुष्कळ जागा आहे.

मात्र भाबडेपणाने या चित्रांकडे पाहू नये. कारखाने स्वच्छ, हवेशीर, माणसे मोजकी आणि शांत. घाम, धूर, पोरांची मजुरी यांचा मागमूस नाही. साखरेच्या मळ्यांच्या चित्रांत गुलाम दिसतात, तेही एखाद्या नीटस यंत्राचे भाग असावेत तसे. दिद्रो कारखान्यांत किती फिरला आणि जुन्या पुस्तकांतून किती उतरवले, यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे आणि पारडे पुस्तकांकडे झुकते. चित्रांबाबत तर उघड भानगड झाली. विज्ञान अकादमीसाठी रेओम्यूरने हस्तव्यवसायांची चित्रे वर्षानुवर्षे करवून घेतली होती. ती ढापली, असा आरोप १७५९ मध्ये प्रकाशकांकडून दुखावलेल्या पात नावाच्या माणसाने छापून आणला. अकादमीची मंडळी प्रकाशकांकडे येऊन चित्रे तपासून गेली. प्रकाशक सुटले, पण डाग पुरता गेला नाही. जुने नमुने दिद्रोच्या हाती होते, एवढे नक्की.

लेखकांची संख्या दीडशेच्या आसपास. रूसोने संगीतावर आणि अर्थकारणावर लिहिले, बॅरन दोलबाकने खनिजांवर आणि रसायनांवर, केनेने शेतीवर आणि धान्यावर. मोंतेस्क्यूला लोकशाही आणि जुलमी सत्ता हे विषय सुचवले तर त्याने नको म्हटले आणि ‘रुची’ हा विषय मागून घेतला. तोही पुरा होण्याआधी तो वारला. व्हॉल्टेअरने थोड्याशा नोंदी दिल्या आणि सल्ले भरपूर दिले.

पण बैल होऊन राबला तो शेव्हालिए द झोकूर. जुन्या खानदानाचा, प्रोटेस्टंट वळणाचा, लायडनला वैद्यक शिकलेला. त्याने लॅटिनमध्ये सहा खंडांचा वैद्यककोश लिहून काढला होता. त्याचे हस्तलिखित ॲमस्टरडॅमला जाताना जहाजासकट बुडाले. तेव्हा हा गृहस्थ उठला आणि दुसऱ्याच्या कोशाला जुंपला. सुमारे १७,००० नोंदी, म्हणजे एकूण कोशाचा जवळजवळ चौथा हिस्सा, त्याच्या नावावर आहे. मोबदला त्याने घेतला नाही. उलट लेखनिकांचे पगार भागवायला पॅरिसमधले घर विकले, आणि ते विकत घेतले ते ल ब्रतोंने, ज्याच्या पुस्तकासाठी तो राबत होता त्यानेच. झोकूरच्या पुष्कळ नोंदी इतरांच्या ग्रंथांतून उचललेल्या आहेत, त्याला विद्वानांनी नाके मुरडली आहेत. पण गुलामांच्या व्यापारावरची नोंदही त्याचीच : माणूस विकण्याचा हक्क कोणालाच नाही, हा व्यापार मोडल्याने वसाहती बुडणार असतील तर बुडोत, अशी तिची भूमिका. त्याच कोशाच्या दुसऱ्या पानांवर गुलामांची किंमत आणि निगा यांची निर्विकार माहिती आहे. दीडशे लेखकांच्या ग्रंथाला एक मत असत नाही.

मराठी वाचकाला इथे श्रीधर व्यंकटेश केतकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांनीही ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी लिमिटेड कंपनी काढली, गावोगाव वर्गणीदार मिळवले आणि १९२० च्या दशकात २३ खंड पुरे केले. त्यांना टीकेला तोंड द्यावे लागले, पैशाची तंगी सोसावी लागली. पोलिसांपासून हस्तलिखिते लपवण्याची वेळ मात्र आली नाही.

दिद्रोवर ती आली. १७५२ च्या सुरुवातीला दुसरा खंड बाहेर पडला, त्याच सुमारास कोशाचा एक लेखक आबे द प्राद याचा सोर्बोनने मान्य केलेला प्रबंध पाखंडी असल्याचा गलका झाला. ७ फेब्रुवारीला राजाच्या मंडळाने दोन्ही खंडांवर बंदी घातली. पुस्तकव्यवहाराचा प्रमुख होता मालझेर्ब. छापणाऱ्यांवर नजर ठेवणे, परवाने देणे, नाकारणे हे त्याचे काम. दिद्रोच्या मुलीने पुढे लिहून ठेवलेली हकीकत अशी : मालझेर्बने निरोप धाडला, की उद्या तुमचे कागद जप्त करण्याचा हुकूम मी काढणार आहे. एवढ्या कागदांना एका दिवसात जागा कुठे शोधू, असे दिद्रोने विचारले. माझ्या घरी पाठवा, तिथे कोणी झडती घ्यायला येणार नाही, असे सेन्सॉरच्या प्रमुखाने उत्तर दिले. हाच मालझेर्ब चाळीस वर्षांनी सोळाव्या लुईचा वकील म्हणून क्रांतीच्या कोर्टापुढे उभा राहिला आणि १७९४ मध्ये गिलोटीनखाली गेला.

काही महिन्यांत बंदी सैलावली, तीन धर्मशास्त्री सेन्सॉर बसवले गेले, आणि १७५३ ते १७५७ या काळात वर्षाला एक खंड या बेताने पाच खंड निघाले. छपाईची संख्या वाढत वाढत ४,२०० च्या वर गेली. राजाची लाडकी मादाम द पाँपादूर हिचे ला तूरने १७५५ मध्ये पूर्ण केलेले चित्र लूव्ह्रमध्ये आहे. तिच्या शेजारच्या टेबलावर कोशाचा चौथा खंड उभा दिसतो. राजवाड्यातही या ग्रंथाला माणसे होती.

मग जानेवारी १७५७ मध्ये दामियँ नावाच्या माणसाने पंधराव्या लुईवर चाकू चालवला. राजा वाचला, पण हवा फिरली. धर्मावर किंवा सत्तेवर हल्ला करणारे लिखाण लिहिणाऱ्याला आणि छापणाऱ्याला देहान्त, असा फतवा एप्रिलमध्ये निघाला. अशा वेळी सातव्या खंडात दालांबेरची ‘जिनिव्हा’ ही नोंद आली. तिथले पाद्री ख्रिस्ताचे देवत्व मनापासून मानत नाहीत, असे त्याने प्रशंसेच्या सुरात लिहिले, आणि गावात नाट्यगृह हवे असा सल्लाही देऊन टाकला. पाद्री खवळले. जिनिव्हाचा रूसो त्याहून खवळला आणि त्याने नाटकांविरुद्ध पुस्तकभर पत्र लिहून जुन्या मित्रांशी नाते तोडले. दालांबेर कंटाळून बाजूला झाला. त्याने आपल्या गणिताच्या नोंदी पुढेही दिल्या, पण संपादकपदाचे जू एकट्या दिद्रोच्या मानेवर राहिले.

८ मार्च १७५९ रोजी परवानाच रद्द झाला. पोपने कोश निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला. सरकारने हुकूम काढला, की प्रकाशकांनी प्रत्येक वर्गणीदाराला ७२ लीव्र परत करावेत. कोश बुडवण्याचा हा खरा उपाय होता. चार हजार लोकांनी एकदम पैसे मागितले असते तर चौघेही भागीदार रस्त्यावर आले असते. पैसे मागायला जवळजवळ कोणी फिरकले नाही. मग मालझेर्बच्या सल्ल्याने तोड निघाली : केवळ चित्रांच्या खंडांसाठी नवा परवाना घ्यायचा आणि वर्गणीदारांची बाकी तिकडे वळती करायची. चित्रांच्या आडोशाने उरलेल्या मजकुराचे लेखन-छपाई गुपचूप सुरू राहिली. फ्रान्स सोडून या, इथे छापा, असे व्हॉल्टेअर परदेशातून सांगत होता. दिद्रो हलला नाही. प्रकाशकांशी करार झालेला आहे, त्यांचा पैसा गुंतलेला आहे, असे त्याचे म्हणणे. तत्त्वज्ञाला शोभेल की न शोभेल, हे उत्तर कारागिराच्या मुलाचे होते.

ज्या प्रकाशकांसाठी तो थांबला, त्यांनीच त्याचा गळा कापला. १७६४ च्या नोव्हेंबरात ‘स’च्या अक्षरातली सॅरासेन लोकांवरची आपली नोंद पाहायला दिद्रोने छापील पाने उघडली आणि तिचे तुकडे झालेले दिसले. त्याने मागची पाने चाळली. अंतिम प्रुफे दिद्रोने पास केल्यावर ल ब्रतों आणि त्याचा छापखान्यातला मुकादम रात्री बसून धोक्याची वाटतील ती वाक्ये, परिच्छेद, कधी सबंध नोंदी उडवत आले होते. मूळ हस्तलिखिते जाळून टाकलेली, त्यामुळे दुरुस्तीची वाटच बंद. १२ नोव्हेंबरचे दिद्रोचे पत्र रागाने आणि दुःखाने थरथरते आहे. पण दहा खंडांची छपाई जवळजवळ उरकली होती. बोभाटा केला तर सगळ्यांचीच मान अडकणार. त्याने गिळले आणि काम पुरे केले.

विसाव्या शतकात एक जादा बांधलेला खंड अभ्यासकांच्या हाती लागला. ल ब्रतोंने कापलेल्या पानांची प्रुफे, काटछाटीच्या खुणांसह, स्वतःपाशी जपून ठेवली होती. १९४७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कापाकापी दिद्रोला वाटली तेवढी सर्रास नव्हती, पण नेमक्या जागी होती : धर्मावरचा संशय, पाद्र्यांवरची टीका, सहिष्णुतेची बाजू. प्रश्न उरतो तो ल ब्रतोंने पुरावा का ठेवला याचा. एखाद्या दिवशी पोलीस आले तर ‘पाहा, मी किती कापले’ असे दाखवायला, हे एक उत्तर. मुरलेल्या मुद्रकाला छापील कागद फेकवत नाही, हे दुसरे.

उरलेले दहा खंड १७६५ अखेर तयार झाले. मुखपृष्ठावर पॅरिसचे नाव नाही. स्वित्झर्लंडमधले न्यूशातेल आणि तिथल्या एका प्रकाशकाचे नाव. कोणाचा विश्वास बसावा म्हणून ते घातलेच नव्हते, कागदोपत्री सोय होती. वर्गणीदारांनी शहराबाहेर जाऊन खंड उचलायचे. ल ब्रतोंने मात्र व्हर्सायला काही बड्या लोकांकडे परवानगीविना प्रती पोचवल्या आणि आठवडाभर बास्तीयची हवा खाल्ली. संपूर्ण संचाची किंमत, जी १७५० च्या माहितीपत्रकात २८० लीव्र सांगितली होती, ती ९८० वर गेली. साध्या मजुराच्या वर्षभराच्या कमाईहून ती बरीच जास्त. प्रकाशक गबर झाले. दिद्रोला मुलीच्या हुंड्यासाठी स्वतःची पुस्तके विकायला काढावी लागली. १७६५ मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीने ती १५,००० लीव्रला घेतली, हयातभर त्याच्याकडेच राहू दिली आणि वर ग्रंथपाल म्हणून वार्षिक पगार लावून दिला.

महागड्या फोलिओ संचाने क्रांती घडवली अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. कोश खरा पसरला तो त्याच्या स्वस्त पुनर्मुद्रणांमुळे. शार्ल-जोसेफ पांकूक या नव्या दमाच्या प्रकाशकाने १७६८ मध्ये हक्क घेतले. छापलेले ६,००० खंड सरकारने १७७० मध्ये बास्तीयमध्ये कोंडले आणि ते सहा वर्षे तिथेच पडून होते. जिनिव्हा, लुका, लिव्होर्नो इथल्या आवृत्त्या आल्या. मग १७७७ पासून लहान आकाराची क्वार्टो आवृत्ती ३८४ लीव्रला निघाली आणि तिच्यावर उड्या पडल्या. न्यूशातेलच्या छापखान्याची दप्तरे धुंडाळून अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट डार्नटनने हा सगळा व्यापार १९७९ मध्ये उलगडून दाखवला : १७८९ पूर्वी युरोपात सुमारे २४,००० संच, त्यांतले निम्म्याच्या आसपास फ्रान्समध्येच. घेणारे कोण? वकील, सरकारी अधिकारी, लष्करी माणसे, सरदार, आणि मोठ्या संख्येने पाद्री. जी व्यवस्था पुढे कोसळली तिच्याच खांबांनी हा कोश पैसे मोजून घरात आणला होता. ज्या टाचणीवाल्यांचे आणि मोजेवाल्यांचे काम पानोपानी रेखाटले, त्यांना तो परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

दालांबेर १७८३ मध्ये गेला, दिद्रो ३१ जुलै १७८४ रोजी. मोठी राज्यक्रांती दोघांनीही पाहिली नाही. कोशाचा सबंध मजकूर आणि सगळी चित्रे आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. २०१७ मध्ये, दालांबेरच्या तीनशेव्या जन्मवर्षी, त्याची नवी चिकित्सक डिजिटल आवृत्ती खुली झाली. ती चालते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या आश्रयाने, म्हणजे जिची चित्रे चोरल्याचा आरोप या कोशावर झाला होता त्याच संस्थेच्या.